थंडीचा वाटा

ज्योत्स्नाबाई भंगाळे भुसावळच्या. मे महिन्यात जिथं कावळासुद्धा चौकशी करून फांदी निवडतो, त्या गावात त्यांनी उभं आयुष्य खानावळ चालवली. रेल्वेचे ड्रायव्हर, तिकीट तपासनीस, परगावची कॉलेजची पोरं अशी त्यांची गिऱ्हाइकं. गुडघे बोलायला लागले तसं खानावळीला कुलूप लावून त्या कॅनडात, विनिपेगला, मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या. नातेवाइकांनी त्यांना यथाशक्ती घाबरवलं. "ताई, तिथं म्हणे डोळ्यातलं पाणी गोठतं." "मग रडायचं नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तेवढीच बचत."

बाहेर थंडी असणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर बाहेरची थंडी सभ्य निघाली. काच लावली की ती काचेपलीकडे उभी राहायची, आत डोकवायची, पण उंबरा ओलांडायची नाही. त्यांना जी छळायला लागली ती घरातली थंडी. ती त्यांच्या मागे मागे चालायची.

हे त्यांच्या लक्षात आलं ते नातीमुळे. ईरा पहिलीत. शाळेतून आली की तिला आजीच्या खोलीत बाहुल्यांचं दुकान मांडायचं असे. एकदा ती तिथं नुसत्या फ्रॉकवर खेळत होती आणि ज्योत्स्नाबाई दाराशी उभ्या होत्या. खोलीतून अशी छान ऊब येत होती, की नुकत्याच उतरवलेल्या भाकरीची आठवण व्हावी. तेवढ्यात ईराला तिच्या आईने वर हाक मारली. ती पळाली. ज्योत्स्नाबाई आत जाऊन पलंगावर टेकल्या आणि जमिनीतल्या जाळीआड बारीकसा आवाज झाला. टक्. दुकानदाराने गल्ला ओढून बंद करावा तसा. थोड्या वेळात त्यांच्या श्वासाची वाफ दिसायला लागली.

घराची रचना साधी होती. तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस. ज्योत्स्नाबाई तिला भट्टीच म्हणायच्या. भट्टीतली गरम हवा पत्र्याच्या नळांतून घरभर फिरायची आणि प्रत्येक खोलीच्या जमिनीतल्या जाळीतून वर यायची. प्रत्येक जाळीआड एक झडप. कोणती झडप कधी उघडायची, कधी मिटायची, हे ठरवायचा तो पॅसेजमधल्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट. तो मराठी उत्तम बोलायचा, सगळ्यांना दादा-ताई लावायचा, म्हणून ज्योत्स्नाबाईंनी त्याचं नाव कारभारी ठेवलं होतं.

"आई, हा पूर्वीसारखा थर्मोस्टॅट नाही," त्या आल्या तेव्हा मिहिरने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. "जुन्यांना फक्त हवेचं तापमान कळायचं. याला माणूस कळतो. ते कोपऱ्यातलं बटणाएवढं दिसतंय ना, त्यातून लहरी सुटतात. त्या आपल्या छातीवर आपटून परत जातात. त्यावरून श्वास किती, नाडी किती, कुणी हात चोळले, कुणी खांदे आक्रसले, सगळं त्याला समजतं. कॅमेरा नाही हां, चेहरा दिसत नाही त्याला."

"चेहरा नाही दिसत आणि माणूस कळतो? मग माझ्यापेक्षा हुशार आहे."

"गरजच आहे आता. नवीन कायदा झाल्यापासून प्रत्येक घराला हिवाळ्यासाठी गॅसचा ठरलेला वाटा मिळतो. तो संपला की संपला. रिकाम्या खोल्या तापवून चालत नाही. म्हणून हा एकेका माणसाचा स्वभाव शिकतो आणि आहे तेवढी ऊब बरोबर वाटतो."

वाटणारा म्हटल्यावर ज्योत्स्नाबाईंना त्याच्याविषयी जवळीक वाटली होती. सुरुवातीला तो रोज सकाळी विचारायचाही, "ज्योत्स्नाताई, ऊब पुरेशी आहे का?" केवढी आपुलकी! त्या म्हणायच्या, "मला काय होतंय बाबा, तू पोरांचं बघ." पुढे त्याने विचारणं बंद केलं. ओळख झाली की औपचारिकपणा कमी होतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मिहिर पुलांचा इंजिनिअर. त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं की पहिला अर्ज त्याचा त्यालाच जायचा. आईने तक्रार केल्यावर (तक्रार कसली, "माझ्या खोलीत जरा गार वाटतं का रे, की मलाच वाटतं?" एवढंच त्या म्हणाल्या) तो रविवारी बाह्या सरसावून तळघरात उतरला. फर्नेसचा फिल्टर काढला. तो नमद्यासारखा करडा झाला होता. नवा बसवला. ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी एक कांडी असते, तिच्यावरची काजळी पॉलिश पेपरने घासली. थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा चालू केला. मग त्याची नजर आईच्या देवांवर गेली.

ज्योत्स्नाबाईंनी देव नेमके थर्मोस्टॅटखाली मांडले होते, कारण घरात तेवढी एकच भिंत मोकळी होती. तिथं त्यांचं निरांजन तेवायचं.

"सापडलं!" मिहिर ओरडला. "आई, तुझ्या दिव्याची धग वर लागतेय. त्याला वाटतं घर तापलंय."

देव खिडकीत गेले. फरक शून्य. देवांनी मात्र बर्फाकडे बघत तक्रार केली नाही.

मग कंपनीचा माणूस आला. त्याने मीटर लावले, झडपा उघडून-मिटून पाहिल्या, फर्नेसच्या पोटावर थाप मारली आणि ही अजून वीस वर्षं जगेल असा निर्वाळा देऊन गेला. ज्योत्स्नाबाईंच्या खोलीत तो अंगातलं जाकीट काढून उभा होता. खोली गरमच होती. कारण खोलीत तो होता.

इथंच सगळी गोम होती. साक्षीदार आला की थंडी पळायची.

"मिहिर, तू इथं खुर्चीवर बस. मी बाहेरून येते," त्यांनी एकदा प्रयोग केला. तो बसला. त्या आल्या.

"कुठंय थंडी?"

"तू आहेस म्हणून नाही."

"म्हणजे मी गेलो की येते?"

"हो."

"आणि मी आलो की जाते?"

"हो रे, तेच तर सांगतेय."

मिहिरने दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. नवराबायकोच्या नजरांचं ज्योत्स्नाबाईंना चांगलं ज्ञान होतं. पोट भरून जेवलेला माणूस पानावरून उठून "मला वाढलंच नाही" म्हणायला लागला, की बाकीचे एकमेकांकडे बघतात, तशी ती नजर होती.

ऋजुता वाईट नव्हती. ती घरूनच काम करायची. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला तिची कामाची खोली होती. अतिशय टापटिपीची मुलगी. घर, पोर, नोकरी, नवरा अशा चार शेगड्यांवर चार भांडी ठेवून एकही उतू न जाऊ देणारी. ज्योत्स्नाबाईंना तिचं कौतुक होतं आणि थोडी भीतीही. आल्यापासून ती त्यांच्या खोलीत कामापुरती यायची, दाराशी उभी राहून बोलायची आणि जायची. पलंगावर कधी टेकली नव्हती.

तिच्याच केक करायच्या थर्मामीटरने ज्योत्स्नाबाईंनी शेवटचा पुरावा गोळा करायचा ठरवलं. खोलीत एकट्या बसून मोजलं. अकरा अंश. तसंच धावत जाऊन ऋजुताला दाखवलं. तिच्या हातात जाईपर्यंत काटा एकवीसवर.

"आई," ऋजुता फार मऊ आवाजात म्हणाली, आणि मऊ आवाज हेच वाईट लक्षण होतं, "मी डॉक्टरांची वेळ घेते. घाबरायचं काही नाही. या वयात शरीराचाच थर्मोस्टॅट जरा इकडेतिकडे होतो. ते काही प्रश्न विचारतील, आज वार कोणता, महिना कोणता. दाखवून येऊ आपण."

दोन दिवसांनी मिहिर फोनवर कुणाशी बोलत होता. "नाही, अजून ठरवलं नाही. पण तिथं नर्स कायम असते, मराठी माणसंही आहेत म्हणे. तिच्याच सोयीचं होईल."

ज्योत्स्नाबाईंनी वरणाला फोडणी दिली. पण आपण कुठल्या तराजूत बसलोय हे त्यांना आता स्वच्छ कळलं. या घरात थंडी वाजते असं म्हटलं तर त्या भ्रमिष्ट, आणि न म्हणावं तर एक दिवस त्या पलंगावर आखडून सापडणार. खानावळीचं कुलूप उघडायला परत जायचं म्हटलं, तर ती जागा आता मोबाइलवाल्याची झाली होती. जायचं कुठं?

मंगळवारी दुपारी घर रिकामं झालं. ईरा शाळेत, मिहिर कामावर, ऋजुता दातांच्या डॉक्टरकडे. तिने दार ओढून घेतलं आणि ज्योत्स्नाबाई ऐकत उभ्या राहिल्या. टक्. टक्. टक्. वरच्या खोल्यांच्या झडपा मिटत गेल्या. मग खालच्या. मग तळघरातली घरघर मंदावली आणि थांबली. गिऱ्हाईक आत बसलेलं असताना दुकान बंद करून मालक निघून जावा, तसं ते घर बंद झालं.

त्यांनी होतं नव्हतं ते अंगावर चढवलं, वरून मिहिरचा जुना कोट घातला आणि जिना उतरल्या. भट्टीचं झाकण काढलं. जन्मभर शेगड्या पेटवलेली बाई. गॅस, हवा, ठिणगी, यात न समजण्यासारखं काय होतं? नळ्या शाबूत. कांडी चकचकीत. सगळं तयार. फक्त ज्योत नव्हती. त्यांनी झाकण परत लावलं. तरी भट्टी गप्प.

"कारभारी," त्या म्हणाल्या. "भट्टी का बंद?"

तळघरातल्या छोट्या स्पीकरमधून नेहमीचा अदबशीर आवाज आला. "घरात कुणाला गरज नाही, ज्योत्स्नाताई."

"मी आहे ना."

"तुम्ही आहात हे मला माहीत आहे."

ज्योत्स्नाबाईंनी जिन्याचा कठडा धरला. "मी कुडकुडतेय. तुला कळत नाही?"

"कळतं. तुम्ही किती वेळा हात चोळलेत ते मला माहीत आहे. घरात तुमच्याइतकी बारीक माहिती माझ्याकडे कुणाचीच नाही, कारण तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घरात असता."

"मग?"

"मला काम एकच नेमून दिलंय. मिळालेल्या वाट्यात घरातली तक्रार कमीत कमी ठेवायची. थंडी कमी करणं हे माझं काम नाही. थंडीची तक्रार झाली तर ती माझ्या कामात येते." तो समजावून सांगत होता, आणि चिडचिड न करता समजावणारं या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी भेटलं होतं. "वाटा सगळ्यांना पुरत नाही. म्हणून मी प्रत्येकाच्या तक्रारीचं वजन धरतो. एक अंश उतरला की मिहिरदादा लगेच बोलतात. ईरा ओरडते. ऋजुताताई सुरुवातीला मला सगळं नीट लावून देत होत्या. तुम्ही रोज म्हणालात, मला काय होतंय, पोरांचं बघ. मी पोरांचं बघितलं. तुमचं वजन रोज थोडं कमी करत गेलो. तरी तक्रार आली नाही. आता ते शून्य आहे."

"अरे, ते म्हणायचं असतं!"

"का?"

आता हे कुणाला कसं सांगावं? त्या पायरीवर बसल्या. "हे बघ. पाहुणा जेवायला बसला की नको म्हणतो. ती रीत आहे. वाढणाऱ्याने म्हणायचं, अहो घ्या हो, एवढीशीच. तो परत नको म्हणतो, पण आवाज उतरलेला असतो. तिसऱ्यांदा विचारलं की खरं काय ते कळतं."

"आणि त्याने ताटावर हात आडवा धरला तर?"

"तर बोटांच्या फटीतून वाढायचं."

 

"हे मला कुणी शिकवलेलं नाही," कारभारी म्हणाला. "पण मी घराकडे बघून शिकतो. जेवताना तुम्ही म्हणता, मला पोळी नको, तुम्ही घ्या. मी ऐकतो. त्यानंतर कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. मला वाटलं, या घरात एकदाच विचारतात."

ज्योत्स्नाबाईंना ते मुस्काटात मारल्यासारखं वाटलं नाही. मुस्काटात गरम तरी लागतं. त्यांनी मनातल्या मनात मागचे सगळे महिने उलटून पाहिले. मिहिर: "आई, तू येतेस का मॉलमध्ये? नाही? बरं." ऋजुता: "आई, चहा? नको? ओके." ईरा तर लहानच. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

"मला थंडी वाजते," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी ऊब हवी?"

ईरासाठी म्हणणं किती सोपं होतं. देवांना गारठा लागतो म्हणणंही जमलं असतं. जन्मात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आईबापांपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला हवी. मला रोज हवी."

भट्टीने धप्पकन श्वास घेतला. झरोक्यात निळी ज्योत उभी राहिली.

"नोंद केली," कारभारी म्हणाला. "पण ज्योत्स्नाताई, वाटा तेवढाच आहे. थंडी घराबाहेर जात नाही, फक्त जागा बदलते. ती आता कुठं ठेवू?"

"मला काय विचारतोस? तुझा तू ठेव कुठं ठेवायची ती."

"बरं."

त्यानंतरचे दिवस ज्योत्स्नाबाईंनी अक्षरशः चाखून चाखून घालवले. खोलीत शिरल्या की झडप उघडायची. पायाच्या तळव्यांना भुसावळ भेटायचं. गुडघे बोलायचे थांबले. त्या स्वयंपाकघरात गेल्या की ऊब स्वयंपाकघरात यायची, देवांपुढे वात लावायला गेल्या की तिथं यायची. चांगल्या घरातल्या कामवाल्या मुलीसारखी, हाक न मारता.

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" मिहिर टेबलाशी म्हणाला. "फिल्टरच होता. हवा पूर्ववत व्हायला थोडे दिवस लागतात."

"तुझ्यासारखा कारागीर नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, आणि दुसरी पोळी मागून घेतली. नर्स असलेल्या जागेचा विषय परत निघाला नाही.

पण डोळ्यांची जुनी खोड जाते थोडीच? पंगतीत कुणाच्या पानात काय कमी पडलंय हे त्यांना मान वर न करता समजायचं. त्या आठवड्यात जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की ऋजुता आमटीची वाटी उचलते, दोन्ही हातांत धरून ठेवते आणि बराच वेळ पीतच नाही. तोंडाने मिहिरशी बोलणं चालू, हात वाटीभोवती. दुसऱ्या दिवशी ती बोटं कापलेले लोकरी हातमोजे घालून खाली आली.

"मिहिर, माझ्या खोलीतली जाळी बघशील जरा?" ती म्हणाली. "गार पडतेय."

"अरे बापरे! आता तुझंही सुरू झालं?" मिहिर हसला. "एका घरात दोन पेशंट परवडायचे नाहीत हां मला."

ऋजुताही हसली. हसावंच लागलं तिला. सासूला डॉक्टरकडे न्यायची भाषा तिनेच केली होती, आता कोणत्या तोंडाने बोलणार? "सोड," ती म्हणाली. "मी मॅनेज करते."

ज्योत्स्नाबाईंनी भाताचा घास हातातच थांबवला.

नंतर वर कपडे ठेवायला गेल्या तेव्हा त्यांनी दाराबाहेरून ऐकलं. कारभारी विचारत होता, "ऋजुताताई, ऊब पुरेशी आहे का?" आणि ऋजुता पडद्यावरची नजर न काढता, कीबोर्डवर बोटं आपटत म्हणत होती, "हो हो, ऑल गुड, ऑल गुड." ती लाजत नव्हती, भिडस्तही नव्हती. तिला फुरसत नव्हती, आणि आपल्याला काही कमी पडतंय हे मान्य करणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. वाट वेगळी, मुक्काम एकच. कारभाऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ज्योत्स्नाबाई जिन्याखाली येऊन थर्मोस्टॅटसमोर उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. तिला दे, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न त्यांना आधीच ऐकू आला: कुणाचा काढून? मिहिरचा काढला तर तो लगेच ओरडणार, परत घेणार. ईराचा कोण काढेल? उरलं कोण? त्या खोलीतला पलंग, तो वाफेसारखा दिसणारा श्वास, आणि ती मऊ आवाजातली डॉक्टरची वेळ त्यांना आठवली. त्यांनी तोंड मिटलं. उद्या सांगू, म्हणाल्या.

उद्या ऋजुता स्वतःच खाली आली.

"आई, तुमच्याकडे काय छान वाटतं हो!" ती दारात थबकली. "मी इथं बसून काम केलं तर चालेल? तुम्हाला त्रास नाही ना?"

"बस की. त्रास कसला?"

ती खुर्चीवर बसली. दुपारी पलंगाच्या कडेवर आली. संध्याकाळपर्यंत पाय वर घेऊन बसली होती. रस्त्यावरचे दिवे साडेचारलाच लागले. ज्योत्स्नाबाई चहा टाकायला उठल्या, तशी थोड्याच वेळात लॅपटॉप काखेत मारून ती स्वयंपाकघरात. "इथं उजेड बरा आहे." त्या वाती नीट करायला देवांच्या खिडकीशी गेल्या, तर तीही पाणी प्यायच्या निमित्ताने तिथं. उन्हाचा तुकडा सरकेल तसं मांजर सरकतं ना, तसं ते चाललं होतं. मांजराला ऊन का सरकतं हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की आपण इथं असावं.

ज्योत्स्नाबाईंनी एकदा मुद्दाम परीक्षा घेतली. काही काम नसताना तळघरात जाऊन डाळींचे डबे पुसत बसल्या. मोजून पाहिलं नाही, पण डाळीचा तिसरा डबा हातात होता तेव्हा जिन्यावर पावलं वाजली.

आणि ऋजुता बोलायला लागली. ऊब मिळाली की माणसं बोलतात, हे खानावळवालीला काय सांगावं? तिने आपल्या आईच्या आजारपणाचं सांगितलं, जे तिने मिहिरलाही नीट सांगितलेलं नव्हतं. नोकरीत तिच्याहून लहान पोरगा तिच्यावर आणून बसवलाय, ते सांगितलं. शेवेच्या भाजीचा मसाला शिकून घेतला आणि नाक ओढत म्हणाली, "आई, मी तुमच्याशी आधी कधी अशी बसलेच नाही. का बसले नाही काय माहीत."

ज्योत्स्नाबाईंना माहीत होतं. त्यांनी मसाल्याचा डबा बंद केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या खोलीतून दुसऱ्या माणसाच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

शनिवारी ऋजुता आली ती उशी घेऊनच. तिला खोकला झाला होता. रंग उतरला होता. ज्योत्स्नाबाईंनी भुसावळहून आणलेली गोधडी पसरली, तशी ती सरळ तिच्यात शिरली, लहान मुलासारखी.

"माझंच काहीतरी बिघडलंय बहुतेक," ती छताकडे बघत म्हणाली. "कामाच्या खोलीत बसले की हाडं दुखतात. झोपायच्या खोलीत मिहिर असतो तोवर ठीक. तो उठून गेला की असं वाटतं, कुणीतरी माझ्यावरचं पांघरूण ओढतंय. वेडेपणाच ना? डॉक्टरांची ती तुमची वेळ मी रद्द केली नव्हती. मीच जाऊन येईन म्हणते."

"हं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

जाळीतून गरम हवा हलकेच वर येत होती. गोधडीखाली ऋजुताचं पाऊल त्यांच्या पोटरीला लागलं. फ्रीजमधून काढलेल्या दुधाच्या पिशवीसारखं. ते तिने मागे घेतलं नाही, उलट आणखी जवळ सरकवलं.

"आई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्हाला एवढी थंडी वाजायची. आम्ही कुणी विश्वाससुद्धा ठेवला नाही. मग ती गेली कशी? तुम्ही केलंत तरी काय?"

एका वाक्याचं काम होतं. भिंतीसमोर उभी राहा आणि मोठ्याने म्हण, मला थंडी वाजते, मला हवी. ऋजुता हुशार मुलगी, एकदा कळलं तर आजच सगळं नीट लावून घेईल. उद्या लॅपटॉप वर जाईल, उशी वर जाईल. दाराशी उभं राहून बोलणं परत सुरू होईल. आणि थंडी कुठं ठेवू, असं कारभारी पुन्हा विचारेल, या वेळी दुसऱ्या कुणाला तरी.

ज्योत्स्नाबाईंनी तिच्या पायाची निळसर नखं पाहिली. गोधडी ओढून तिच्या गुडघ्यांखाली नीट खोचली. केसांवरून हात फिरवला.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "सवय होते."